हातात सात, पोटात पंधरा

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर, हैदराबादला जाणाऱ्या विमानाच्या काउंटरसमोर, एका निवृत्त एसटी कंडक्टरच्या पत्नीची बॅग वजनात जास्त भरली. ती तिथेच फरशीवर उघडावी लागली आणि तिच्यातली गोधडी बाहेर काढावी लागली. कंडक्टर त्या वेळी काचेच्या बाहेर उभे होते. मी रांगेत त्यांच्या पत्नीच्या मागे होते.

ते उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत राहायचे. सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणायचे. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी पिशवीचा पट्टा अजून अडकलेला असावा तसा त्यांचा उजवा खांदा खाली असायचा. कुणाच्या ओट्यावर भरलेली बॅग दिसली की ते थांबत. चपला बाजूला काढत.

"उचलून बघू द्या."

एका हाताने बॅग गुडघ्यापर्यंत उचलायची. डोळे मिटायचे. क्षणभर तशीच धरून ठेवायची आणि आवाज न करता खाली टेकवायची. मग निकाल. "बसली." किंवा, "नाय बसत." याच्या मधलं ते काही बोलत नसत. कन्नड गावाला जाणाऱ्या गाडीवर त्यांनी उभी हयात काढली होती आणि टपावर चढणारं प्रत्येक पोतं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. त्यांचा हात चुकल्याचं गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं.

ते स्वतः विमानात कधी बसले नाहीत. गल्लीतली पोरं मात्र हैदराबाद-बेंगळुरूला नोकरीला लागली, आणि समोरच्या शेखभाभींचा मुलगा आखातात गेला, तेव्हा बॅगा बदलल्या. काकांनी एकदा मला रस्त्यात अडवलं.

"पत्रकारबाई, विमानाचे लगेजचे नियम छापून आणा की. बारीक अक्षरातले बी."

मी ऑफिसातून कागद आणून दिले. एसटीचं परिपत्रक वाचावं तसे त्यांनी ते पेन्सिल घेऊन वाचले. अडलेलं विचारलं. "'एकच नग' म्हणजे? दोन लहान पिशव्या एका वजनात बसल्या तरी चालत नाय?" मी म्हटलं, त्या भाड्यात नाही चालत. "मंग बरोबरंय," ते म्हणाले. नियम कडक निघाला की त्यांना बरं वाटायचं.

त्यानंतर गल्लीला त्यांचं एक वाक्य पाठ झालं. "हातात सात, पोटात पंधरा." सात किलो हातातल्या पिशवीत, पंधरा विमानाच्या पोटात. लोणचं पोटात, मोबाइलची बॅटरी हातात. सुक्या खोबऱ्याची वाटी कुठंच नाही, तेल असतं, पेट घेतं. शेखभाभींच्या मुलाला त्यांनी एकदा मोठ्या घोटाळ्यातून वाचवलं होतं. त्याच्या आखाताच्या तिकिटावर तीस किलो लिहिलेले होते आणि त्याने तेवढे भरलेही होते. काकांनी दोन्ही तिकिटं मागितली. "मुंबईपर्यंतचं तिकीट येगळं काढलंय तू. तिथपर्यंत पंधराच. तीस पुढं."

त्यावर त्या मुलाने डोकं चालवलं आणि मे महिन्यात दोन जॅकेटं एकावर एक घालून, खिशांत मसाल्याच्या पुड्या कोंबून तो रिक्षात बसला. काका रिक्षासमोर जाऊन उभे राहिले.

"कामून रे, थंडी वाजायलीय का?"

"चाचा, पहनने के कपडे का वजन नहीं करते."

"माहितंय मला. पण हे बिनतिकीटच झालं. अंगावर माल नेतोस व्हय?"

शेखभाभी दारातून ओरडल्या, "भाई, जाने दो ना, बच्चा पिघल जाएगा!" सगळी गल्ली हसली. काका हसले नाहीत. मुलाने एक जॅकेट उतरवलं तेव्हाच ते बाजूला झाले.

त्यांचा एक किस्सा होता. तुमच्या ओळखीतल्या म्हाताऱ्यांचाही असेल असा एखादा, प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. दौलताबादच्या थांब्यावर एक बाई पेरूंची टोपली घेऊन चढायची. टोपली वजनात बसते असं तिचं म्हणणं. काकांनी एक दिवस टोपली उचलून बघितली. "नाय बसत. लगेजचं तिकीट घे." बाई म्हणाली, विक्री झाल्यावर देते. काकांनी घंटी मारून गाडी थांबवली आणि किल्ल्याच्या पुढच्या उतारावर, भर दुपारी, टोपली खाली ठेवली. टोपलीमागे बाई उतरली.

"सगळ्या गाडीसमोर उतरवली," ते सांगायचे. "नियम म्हंजे नियम. पुन्हा कुणाची टाप नाय झाली."

हा किस्सा मी अनेकदा ऐकला. तो सांगताना त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या काकू, चहाचे कप उचलून आत जायच्या.

एकुलती एक मुलगी हैदराबादला होती आणि पहिलटकरीण होती. मुलीच्या आग्रहाने सासरच्यांनी बाळंतपण तिथंच करायचं ठरवलं होतं, आणि आईला विमानाचं तिकीट पाठवलं होतं, कारण काकूंचे गुडघे रेल्वेच्या पायऱ्या चढण्यातले राहिले नव्हते. योगायोगाने मीही ऑफिसच्या कामासाठी त्याच विमानाने जाणार होते. दोघींचं चेक-इन मी फोनवरून करून टाकलं आणि आदल्या संध्याकाळी कागद द्यायला त्यांच्या घरी गेले.

बॅग बैठकीच्या खोलीत मधोमध उघडी होती. डिंकाचे लाडू, खोबरं किसून आत घातलेले. खारीक. मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी. बाळंतकाढा. हातातली पिशवी सात किलो पुरे भरून आधीच दारात ठेवली होती. आणि बाजूला घडी करून ठेवलेली गोधडी, मोठी, बाळंतिणीच्या अंगावर घालायची. काकूंनी ती चार महिने टाके घालून शिवली होती. वर स्वतःची जुनी सुती लुगडी, आणि खालच्या अस्तराला काकांचे खाकी सदरे. मुलीने एकच वस्तू मागितली होती, तीच ही. दवाखान्यात एसी असतो, आई, तुझी गोधडी आण.

शेखभाभी तिथंच होत्या. मुलाने पाठवलेला लटकवायचा काटा त्या घेऊन आल्या होत्या. हुक बॅगेला अडकवायचा, उचलायचं, आकडा दिसतो.

"भाई, एक बार इसपे देख लो. पहली बार जा रही भाभी."

"काट्याला काय कळतंय?" काका म्हणाले. "सेल संपला की तो बी गप."

त्यांनी गोधडीशिवाय बॅग उचलली. डोळे मिटले. "बसली."

काकू गोधडीकडे बघत होत्या. त्यांनी ती उचलली नाही. नुसतं विचारलं, "आन् ही?"

काकांनी गोधडी स्वतः बॅगेत घातली. गुडघ्याने दाबून चेन लावली. पुन्हा उचलली. या वेळी डोळे मिटून ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग बॅग खाली ठेवली आणि काकूंकडे बघून म्हणाले, "बसली. जाऊ दे."

'जाऊ दे' हे शब्द मी त्यांच्या निकालात त्याआधी ऐकले नव्हते. हात चुकला की हाताला जे कळलं ते त्यांनी सांगितलं नाही, याची खात्री मला नंतरही करता आली नाही.

सकाळी विमानतळावर काका दारापर्यंत आले. पुढे तिकीट असलेल्यांनाच सोडतात. ते काचेजवळ जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून, आणि काकूंना खुणेने काउंटर दाखवत राहिले.

बॅग पट्ट्यावर ठेवली. आकडा अठराच्या पुढे गेला.

काउंटरवरची मुलगी साधारण काकूंच्या मुलीच्याच वयाची होती. "काकू, तीन किलो जास्त होतंय. जादाचे पैसे भरा, नाहीतर थोडं सामान कमी करा."

"नाय हो. त्यांनी बघितलीय ना उचलून."

"कुणी?"

"आमच्या ह्यांनी."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, ही एसटी नाही." दोघंतिघं हसले. फार मोठ्याने नाही. काकूंनी ऐकलं. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

मी पुढे झाले. सांगितलं की हा दंड नाही, जादा सामानाचा नेहमीचा आकार आहे, रोज कितीतरी लोक भरतात, किलोमागे दर ठरलेला असतो. काकूंजवळ पैसे होते. मुलीला द्यायला आणलेलं पाकीट त्यांच्या पर्समध्ये होतं, ते मी पाहिलं होतं. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या काचेकडे बघत होत्या.

"पत्रकारबाई," त्या हळू म्हणाल्या, "म्हंजे आपण धरल्या गेलो ना?"

"धरलं कुणी नाही काकू. फक्त पैसे—"

"नाय, नाय. आमच्या घरात कधी भरलं नाय. त्यांनी दुसऱ्यायला भरायला लावलंय."

माझी बॅग हलकी होती. तिच्यात गोधडी सहज मावली असती. मी तसं काउंटरवर विचारलं. त्या मुलीला काहीच अडचण नव्हती. काकू म्हणाल्या, त्यांना विचारल्याशिवाय नको. मी फोन लावून दिला. काचेपलीकडे काकांनी खिशातून फोन काढून कानाला लावलेला दिसला. काकूंनी सगळं सांगितलं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे उत्तर मला ऐकू आलं.

"दुसऱ्याच्या तिकिटावर माल चढवायचा नाय." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. "काढ."

बॅग रांगेच्या कडेला घेतली. काकू खाली बसायला लागल्या. गुडघे वळेनात. आधी एक हात फरशीवर, मग दुसरा, मग तशाच ओणव्या. मी हात पुढे केला तर त्यांनी मान हलवली. चेन उघडली. वरच्या दुपट्यांची घडी सुटून ती फरशीवर पडली. लाडवांचा डबा उघड्यावर आला. रांगेतले लोक बघत होते, बघत नसल्यासारखं करून. बघितलं असतंत तर तुम्हाला कळलं असतं, काकूंना बॅग उघडी पडल्याची लाज वाटत नव्हती. काचेबाहेरचा माणूस हे बघतोय, याची वाटत होती. त्या सारख्या शरीराने बॅग झाकायला बघत होत्या, काचेच्या बाजूने.

काका काचेपासून हलले नाहीत. त्यांनी तोंडही फिरवलं नाही. फोन कानालाच होता. तो केव्हाच बंद झाला होता.

गोधडी निघाली. बॅग बसली. दारावरच्या जवानाने मोठ्या मनाने काकूंना दारापर्यंत जाऊ दिलं. त्यांनी गोधडी काकांच्या हातात दिली. काकांनी ती खांद्यावर घेतली, उजव्या, खाली झुकलेल्या खांद्यावर, आणि ते रस्त्याकडे चालू लागले.

विमानात काकू खिडकीशी होत्या. ढग आले तरी त्यांनी बाहेर बघितलं नाही. उतरायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "त्यांना घरी जाताना गल्लीतून जावं लागंल हो."

ते तसेच गेले, हे मला शेखभाभींनी नंतर सांगितलं. उन्हात, खांद्यावर गोधडी. भाभींनी दारातून विचारलं, "क्या हुआ भाई, वापस लाए?" काका न थांबता म्हणाले, "नाय बसली." भाभी म्हणाल्या, हे एवढं सांगतानाही त्यांनी वर बघितलं नाही. "हम क्या बोलते? हमने दरवाजा लगा लिया. उनको शरम आ रही थी, तो हमको भी आई."

मुलीला मुलगा झाला. मी परत आल्यावर काकांना सुचवलं, गोधडी कुरिअरने पाठवू, नाहीतर हैदराबादच्या गाडीत देऊ, तुमचे कितीतरी ओळखीचे असतील. त्यांनी ऐकून घेतलं.

"उतरवलेला माल पुन्हा चढवत नसतेत," ते म्हणाले.

मुलगी फोन करायची. तिने रागावूनही पाहिलं, हसूनही पाहिलं. "बाबा, तीन किलोचं काय घेऊन बसलात?" काका म्हणायचे, "आईला दे." बारशाला ते गेले नाहीत. पाठ धरली आहे, असं त्यांनी कळवलं.

बॅगा उचलणं त्यांनी बंद केलं. सुरुवातीला लोक सवयीने बोलवायचे. ते हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "भाभीकडून काटा आणा." कुणी फार आग्रह केला तर चपला घालून आत निघून जायचे. पेरूवालीचा किस्साही बंद झाला. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने मुद्दाम आठवण काढली, "ती टोपलीची गोष्ट सांगा ना." काका म्हणाले, "कसली टोपली?" काकू त्या दिवशी कप उचलायला उठल्या नाहीत.

दिवाळीला मुलगी बाळाला घेऊन आली. सगळी गल्ली ओट्यावर जमली. बाळ हातोहात फिरत काकांच्या हातात आलं, आणि शेखभाभी सहज बोलून गेल्या, "भाई, अब बताओ वजन!"

सगळे काकांकडे बघू लागले. भाभींच्याही लक्षात आलं. काकांनी बाळ दोन्ही हातांत धरलं होतं. त्यांनी डोळे मिटले. बाळाने त्यांच्या सदऱ्याचं बटण पकडलं. त्यांनी डोळे उघडले आणि बाळ मुलीकडे दिलं.

"काट्यावर करा," ते म्हणाले.

डिसेंबरात एका बातमीसाठी मी दौलताबादला गेले होते. किल्ल्याखाली रस्त्याच्या कडेला पेरूवाल्या बसतात, तिथे काका दिसले. ते पेरू बघत नव्हते. एकेका म्हाताऱ्या बाईसमोर थांबून चेहरा बघत होते आणि पुढे सरकत होते. शेवटच्या बाईसमोर ते खाली बसले.

"मावशी, तुम्ही कन्नड गाडीनं शहरात जायच्या का? लई वर्षांमागं?"

"जायचो की. समद्याच जायचो."

"एकदा एका कंडक्टरनं टोपली उतरवली होती. उतारावर."

बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग तराजूत पेरू टाकायला सुरुवात केली.

"कंडक्टर लई होते, दादा. एकानंच उतरवली का? किती देऊ?"

काकांनी पेरू घेतले. तराजू बाईच्या बाजूने झुकलेला होता, माप कमी होतं, हे मला लांबूनही दिसत होतं. त्यांनी पिशवी हातात घेतली, हात जरा खाली-वर केला आणि काही न बोलता पैसे दिले. त्यांनी मला बघितलं की नाही, सांगता येत नाही. मी हाक मारली नाही.

थंडी संपता संपता ते गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. गोधडी तोवर माळ्यावर होती, जुन्या चादरीत बांधलेली. ती कुणी पांघरली नव्हती.

या उन्हाळ्यात काकू कायमच्या मुलीकडे राहायला गेल्या. सोडायला मी गेले होते. आदल्या संध्याकाळी शेखभाभींनी काटा आणला, हुक अडकवला, आकडा बघितला आणि काकूंना दाखवला. काकूंनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, "असू द्या."

मला आत सोडणार नव्हते. मी काचेजवळ उभी राहिले. काकूंची बॅग पट्ट्यावर गेली. काउंटरवर या वेळी दुसरी मुलगी होती. ती काहीतरी बोलली. काकूंनी मान डोलावली, पर्स उघडली. मागच्या माणसाने घड्याळ बघितलं. काकूंनी पैसे दिले, पावती घेतली, तिची घडी केली. बॅगेला चिठ्ठी लागली आणि ती पट्ट्यावरून आत गेली.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला.

"पत्रकारबाई, जास्तच भरली. भरले पैसे."

"आणि गोधडी?"

"पोटात गेली," काकू म्हणाल्या.

विमान वेळेवर सुटलं.